रोजचा एक तास इयत्तेचा नको, पातळीचा हवा : शिक्षणाधिकारी आणि केंद्रप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व जिल्हा परिषदांचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक), गटशिक्षणाधिकारी, शिक्षण विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख

सप्रेम नमस्कार.

तिसरी ते पाचवीच्या मुलांना शाळेच्या वेळेतच रोज एक तास, इयत्तेप्रमाणे न बसवता, वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवावे. पाठ्यपुस्तक पूर्ण करण्याची घाई, ऑनलाईन माहिती भरणे, बैठका यांतल्या कशानेही त्या तासाला हात लावू नये. हे पत्र एवढ्याच मागणीसाठी आहे. मागणी छोटी आहे, पण तिच्यामागे वीस वर्षांहून अधिक काळाचे, अत्यंत चिकाटीने केलेले संशोधन उभे आहे. त्या संशोधनाचा पहिला मोठा प्रयोग झाला तो आपल्या मुंबई महापालिकेच्या शाळांत आणि बडोद्यात.

२०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना जाहीर झाले, तेव्हा गरिबीवरच्या संशोधनाचा गौरव म्हणून आपण सर्वांनीच बातम्या वाचल्या. त्या कामाचा मोठा हिस्सा प्राथमिक शाळेबद्दल आहे, हे मात्र फारसे बोलले गेले नाही. गरीब देशाच्या सरकारकडे शाळांसाठी पैसा बेताचाच असतो. मग तो पुस्तकांवर घालावा, जादा शिक्षकांवर, प्रशिक्षणावर की आणखी कशावर? या अर्थशास्त्रज्ञांनी मतमतांतरांत न शिरता चिठ्ठ्या टाकून काही शाळा निवडल्या, तिथे उपाय केला, उरलेल्या शाळा तशाच ठेवल्या आणि वर्षाअखेर दोन्हीकडची मुले एकाच चाचणीने तपासली. औषधाची परीक्षा करतात तशी.

क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम केनियातल्या शाळांत पाठ्यपुस्तके वाटून पाहिली. वर्गात पुस्तके नव्हती, ती आली. सरासरी निकाल मात्र हलला नाही. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. कारण उघड होते. पुस्तके इंग्रजीत, इंग्रजी ही बहुतेक मुलांची तिसरी भाषा, आणि अभ्यासक्रम वरच्या थरातल्या मुलांना धरून बेतलेला. ज्याला पुस्तक वाचताच येत नाही, त्याच्या दप्तरात ते असले काय आणि नसले काय.

मुंबई-बडोद्यात ‘प्रथम’ संस्थेचा बालसखी कार्यक्रम होता. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना शाळेच्याच वेळेत सुमारे दोन तास वर्गाबाहेर घ्यायचे, १५ ते २० मुलांचा गट करायचा आणि वस्तीतल्याच एका मुलीने त्यांना अक्षरओळख, वाचन, बेरीज-वजाबाकी शिकवायची. या मुली माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेल्या होत्या आणि त्यांचे मानधन महिन्याला ५०० ते ७५० रुपये होते. खोली नसेल तिथे गट व्हरांड्यात बसे. बॅनर्जी, दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात हा कार्यक्रम तपासला. मागे पडलेली मुले स्पष्टपणे पुढे सरकली, आणि दुसऱ्या वर्षीचा परिणाम पहिल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट होता.

याच अभ्यासातली एक गोष्ट अधिकाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. मागची मुले बाहेर गेल्यावर मूळ वर्गात गर्दी कमी झाली होती. प्रशिक्षित शिक्षक आणि निवडक मुले, असा तो वर्ग उरला. तरी त्या वर्गातल्या मुलांच्या गुणांत दखल घेण्याजोगी वाढ दिसली नाही. पट कमी झाला म्हणून आपोआप शिकणे वाढत नाही. जे शिकवले जाते ते मुलाच्या आजच्या पातळीवर येऊन भिडले, तरच ते त्याच्यापर्यंत पोचते. याची दुसरी बाजूही मोकळेपणाने सांगायला हवी. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात मिळवलेल्यातले बरेचसे ओसरले. म्हणून एका सत्राची मोहीम करून भागणारे हे काम नाही.

पुढचा सगळा प्रवास, हे काम सरकारी शाळेत सरकारी शिक्षकांकडून कसे होईल, या एकाच प्रश्नाभोवती फिरला. आपल्या दृष्टीने तोच भाग सर्वांत मोलाचा आहे, कारण त्यात अपयशेही नोंदलेली आहेत.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ मध्ये गावातल्या स्वयंसेवकांनी शाळेच्या वेळेबाहेर वाचनवर्ग घेतले. जी मुले आली त्यांना खूप फायदा झाला. पण आली किती? शंभरात साधारण आठ. शाळा सुटल्यावरच्या जादा वर्गाचे असेच होते. सर्वांत मागे असलेल्या मुलाला घरी गुरे वळायची असतात, धाकटे भावंड सांभाळायचे असते, आणि मागे पडल्याची लाजही वाटत असते.

मग बिहारमध्ये पश्चिम चंपारण्यात २००८ च्या उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनीच महिनाभराचे शिबिर घेतले. तेवढ्या थोड्या दिवसांतही वाचन सुधारले. म्हणजे शिक्षकांना पद्धत जमते, हे सिद्ध झाले. नंतर शाळा सुरू झाल्या. काही शाळांना फक्त साहित्य दिले, काहींना साहित्य आणि प्रशिक्षण दोन्ही दिले. परिणाम शून्य. शिक्षक तेच, साहित्य तेच, पद्धतही तीच होती. फरक एवढाच की उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यावर पाठ्यपुस्तक पूर्ण करण्याचे ओझे नव्हते. सत्र सुरू झाले आणि तक्ते, कार्डे पुन्हा कपाटात गेली. जिथे स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वर्ग घेतले तिथे मुले पुढे गेली. उत्तराखंडात स्वयंसेवक शाळेच्याच दैनंदिन कामात ओढले गेले, आणि तिथे काहीच हाती लागले नाही.

साहित्यवाटप आणि दोन-तीन दिवसांचे प्रशिक्षण, हेच आपण दरवर्षी करतो. या प्रयोगांनी दाखवून दिले की तेवढ्याने काही होत नाही.

हरियाणात २०१२-१३ मध्ये सुमारे ४०० प्राथमिक शाळांमध्ये हा धडा घेऊन रचना बदलली. दिवसात एक तास फक्त या कामासाठी राखला. त्या तासाला तिसरी ते पाचवीची मुले आपापल्या इयत्तेच्या खोलीतून उठून पातळीच्या खोलीत जात. आणि शाळांच्या समूहावर देखरेख करणाऱ्या आपल्या केंद्रप्रमुखांसारखे जे क्षेत्रीय अधिकारी होते, त्यांनी चार दिवसांच्या प्रशिक्षणानंतर स्वतः १५ ते २० दिवस मुलांना शिकवले, मगच शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि पर्यवेक्षण केले. भाषेत सुधारणा झाली. गणितात झाली नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवले गेले आहे. त्याच काळात तिथे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे वर्षभर प्रत्येक मुलाच्या प्रगतीच्या नोंदी ठेवण्याची पद्धतही तपासली गेली. त्या नोंदवह्या आपल्या शिक्षकांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. त्या भरल्याने मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. कोण कुठे अडले आहे हे लिहून ठेवणे वेगळे आणि त्यासाठी उद्याचा वर्ग बदलणे वेगळे.

२०१३-१४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या उन्नाव आणि सीतापूर जिल्ह्यांत शिबिरांची पद्धत वापरली गेली. सरकारी शाळेतच, शाळेच्या वेळेत, दिवसाला सुमारे तीन तास. ‘प्रथम’चे कार्यकर्ते शिकवत आणि गावातले स्वयंसेवक मदत करत. वर्षभरात असे एकूण ५० दिवस. वर्षाअखेर तिथली साधारण निम्मी मुले परिच्छेद किंवा गोष्ट वाचू लागली. शिबिर नसलेल्या शाळांत हे प्रमाण साधारण पाव होते. तिसरी ते पाचवीच्या मुलांबद्दल आपण बोलतो आहोत. १५० तासांचे काम. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवले आहे. त्याचा पाचवा हिस्साही हे नाही.

मुलांचे वाचन-गणित घरोघरी जाऊन तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या पाचवीच्या शंभरपैकी सुमारे ४५ मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हा आकडा ३९ च्या आसपास होता. सुधारणा होते आहे, आणि केंद्र सरकारच्या ‘निपुण’ अभियानामुळे पायाभूत वाचनाकडे सगळ्यांचे लक्ष गेले याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण निपुणचा भर तिसरीपर्यंत आहे. चौथी-पाचवीत पोचूनही न वाचणारे मूल हातातून निसटते आहे.

ते मूल वर्गात कसे दिसते? ‘कावळा झाडावर बसला’ हे वाक्य त्याच्यापुढे ठेवा. ते बोट ठेवून ‘का... व... ळा...’ असे सुटे सुटे म्हणत शेवटपर्यंत जाते. अक्षर एकही चुकत नाही. मग विचारा, झाडावर कोण बसले? ते पुन्हा ओळीच्या सुरुवातीला बोट नेते. सगळी ताकद अक्षर जुळवण्यात संपली, अर्थासाठी काही उरले नाही. याच मुलापुढे पाचवीच्या परिसर अभ्यासाचे पान उघडलेले असते. ‘पर्जन्य’ आला की रफारावर गाडी थांबते. फळ्यावरचे मात्र ते सुंदर अक्षरात उतरवून काढते, आणि म्हणून वही तपासताना कोणाच्याच लक्षात येत नाही.

आता तासाबद्दल. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला एकेकटे बोलावून तोंडी तपासावे. एका मुलाला तीन ते पाच मिनिटे पुरतात. सुरुवात पहिलीच्या पातळीच्या परिच्छेदापासून करावी. मूल वाक्याच्या लयीत आणि तीनपेक्षा जास्त चुका न करता वाचत असेल तर गोष्ट द्यावी, नसेल तर सुटे शब्द. पाचपैकी चार शब्द आले तर शब्द पातळी. नाही आले तर अक्षरे, तिथेही पाचपैकी चार. तेही नाही, तर आरंभिक. चाचणी दुसऱ्या मुलांसमोर घेऊ नये, कारण पाठीमागचे मूल ऐकून पाठ करते आणि मग त्याची पातळी खोटी येते.

मग गट. आरंभिक आणि अक्षर पातळीची मुले एकत्र, शब्द पातळीची दुसरीकडे, परिच्छेद आणि गोष्टवाली तिसरीकडे. चौथीचा मुलगा तिसरीच्या मुलीशेजारी बसेल, त्याने काही बिघडत नाही. द्विशिक्षकी शाळेत दोनच गट करावेत, शब्द पातळीची मुले खालच्या गटात घ्यावीत आणि पहिली-दुसरीला त्या वेळात चित्र, गोष्टीची पुस्तके, मातीकाम द्यावे. एकशिक्षकी शाळेत वरचा गट जोडीने गोष्ट वाचेल आणि शिक्षक खालच्या गटात बसतील. वरचा गट स्वतःचे काम बऱ्यापैकी स्वतः करू शकतो, खालचा अजिबात करू शकत नाही.

इथे एक चूक फार वेळा होते. खालचा गट शाळेतल्या सर्वांत नव्या शिक्षणसेवकाकडे जातो आणि अनुभवी गुरुजी गोष्टवाल्या मुलांना घेतात. हे उलटे व्हायला हवे, आणि ते केंद्रप्रमुखांनी सांगितल्याशिवाय होणार नाही.

तासाची आखणी अवघड नाही. पहिली १० मिनिटे गप्पा, कालच्या बाजारावर, पावसावर. मग शिक्षकाने एक छोटी गोष्ट बोट फिरवत मोठ्याने वाचायची आणि मुलांनी मागून. मग बाराखडीचा तक्ता, आडवा आणि उभा दोन्हीकडून. एकाच दिशेने म्हटला तर तो गाण्यासारखा पाठ होतो आणि डोळे अक्षराकडे जातच नाहीत. त्यानंतर जमिनीवर खडूने अक्षरे काढून उड्या, चार-चारच्या गटात शब्द बनवणे आणि शेवटी प्रत्येकाने स्वतःच्या मनाने लिहिणे. चुकलेले ऱ्हस्व-दीर्घ या तासात लाल शाईने खोडू नये. जोडाक्षरे आणि रफार शब्द पातळीवर पोचल्यावर घ्यावेत. अक्षरे पूर्ण पक्की झाल्याशिवाय गोष्ट नको, हा समजही सोडावा लागेल. त्या समजापायी मुले वर्षभर ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांतच अडकून राहतात.

मेळघाटात घरी कोरकू, नंदुरबारमध्ये भिली किंवा पावरी, गडचिरोलीत गोंडी बोलली जाते. तिथे ‘आरंभिक’ असा शेरा मारताना थांबावे. मुलाला अक्षर येत नाही की मराठी शब्दच माहीत नाही, हे आधी पाहावे. तिथे गप्पांची वेळ १० मिनिटांवरून २० वर न्यावी आणि मुलाने घरच्या भाषेत दिलेले उत्तर फळ्यावर देवनागरीत लिहावे. आपला शब्द फळ्यावर पाहिलेले मूल तो वाचून दाखवते.

दर पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी आणि गटबदल. हे चुकले की गटाला नाव पडते, ‘ढ’ मुलांचा गट, आणि मूल त्या नावासारखे वागू लागते. नीट चाललेल्या वर्गात पहिल्या महिन्यातच काही मुले वर सरकतात. दोन तपासण्यांत एकही मूल हलले नाही तर तो तास होत नाही आहे असे समजावे, मग टाचणवहीत काहीही लिहिलेले असो.

गणिताबद्दल आमचे मत सावध आहे. हरियाणाचा अनुभव पाहता दोन्ही विषय एका तासात कोंबू नयेत. वाचन बसल्यावर दुसऱ्या सत्रात गणित घ्यावे आणि तेही काड्यांच्या गठ्ठ्यांनी. ५२ मधून २७ वजा करताना मूल ३५ लिहिते, कारण ते प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढते. ही निष्काळजी नाही. दशकाचा गठ्ठा सोडून दहा सुट्या काड्या करायच्या असतात, हे त्याने हाताने केलेलेच नाही.

‘अभ्यासक्रमाचे काय?’ हा शिक्षकांचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ शिक्षकावर ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करण्याची जबाबदारी टाकते. पण तेच कलम प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा अध्यापन करायलाही सांगते. आपण सगळी वर्षे पहिल्या भागाची तपासणी केली, दुसऱ्याची केली नाही. वर्गभेटीला आल्यावर ‘कितव्या पाठावर आहात?’ हेच विचारले जाते. शिक्षकाला लेखी संरक्षण हवे. या तासामुळे पाठ मागे राहिला तर विचारणा होणार नाही, असे वाक्य शिक्षणाधिकाऱ्यांच्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलेले असावे. तोंडी आश्वासनावर कोणी पाठ सोडत नाही. कलम २७ शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अन्य अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे सांगते. निदान या एका तासापुरते तरी ते पाळले जावे. तो तास परिपाठानंतर लगेच ठेवावा. दुपारी पोषण आहारानंतर ठेवला की लिंक भरायचे निरोप येतात आणि तास जातो.

केंद्रप्रमुखांनो, आपल्यापैकी अनेकांकडे प्रभारी म्हणून दुसरे केंद्रही आहे, हे आम्ही जाणतो. तरीही आमची विनंती हीच आहे की आपल्या केंद्रातली एक शाळा निवडा आणि तिथला खालचा गट स्वतः १५ दिवस, रोज एक तास घ्या. हा सबंध कार्यक्रमाचा कणा आहे. ज्याने स्वतः ‘का-व-ळा’वर अडलेले मूल वाक्यापर्यंत नेले आहे, त्याला वर्गात शिरल्यावर दोन मिनिटांत कळते की तक्ता आज उघडला आहे की पाहुणे येणार म्हणून उघडला आहे. असा माणूस शेरेबुकात ‘वाचनाकडे लक्ष द्यावे’ असे लिहीत नाही. तो खाली बसतो आणि शिक्षकाला करून दाखवतो. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी त्या १५ दिवसांत केंद्रप्रमुखांना तालुक्याच्या बैठकांतून मोकळे करावे.

शाळेकडून माहिती मागायचीच असेल तर एका कागदावर मावेल एवढीच मागावी. कोणत्या पातळीवर किती मुले, पंधरवड्यापूर्वी आणि आज. त्या आकड्यांवरून शाळांचे क्रमांक लावू नयेत, सत्कार करू नयेत आणि कारणे दाखवा नोटिसाही काढू नयेत. आकड्याला बक्षीस किंवा शिक्षा जोडली की दोन महिन्यांत सगळी मुले कागदावर गोष्ट वाचू लागतात. खरे चित्र हवे असेल तर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने तालुक्यातल्या १० शाळा चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात, प्रत्येक शाळेत १० मुले, आणि तपासणारी माणसे दुसऱ्या तालुक्यातली असावीत. शंभर मुलांची ही तपासणी पाच माणसांकडून दोन दिवसांत होते. ती सुरुवातीला एकदा, सत्राअखेर एकदा करावी आणि निकाल शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, तसाच्या तसा ठेवावा.

झाडून सगळ्या शाळांत एकाच दिवशी सुरुवात करू नये, असेही आम्ही सुचवतो. आधी एका तालुक्यातली दोन केंद्रे घ्यावीत. तिथले केंद्रप्रमुख १५ दिवस शिकवून झाले की त्यांनीच शेजारच्या केंद्रांना शिकवावे. साहित्यासाठी नवी खरेदी लागत नाही. बाराखडीचा मोठा तक्ता, पाच-सहा छोट्या गोष्टी, खडू, काड्या आणि रबरबँड, एवढे शाळेच्या अनुदानात बसते.

येत्या शिक्षण परिषदेच्या विषयपत्रिकेत पहिला विषय हा घ्यावा आणि चर्चेआधी अर्धा तास प्रत्येक शिक्षकाने त्याच शाळेतल्या एका मुलाची वाचन तपासणी करावी, अशी विनंती आहे. तपासणीचा एक पानी नमुना, म्हणजे अक्षरे, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट, केंद्रप्रमुखांनी सोबत न्यावा.

आपले,
प्राथमिक शिक्षणाच्या क्षेत्रात काम करणारे शिक्षक, प्रशिक्षक आणि अभ्यासक